लाभ

आप्पांनी अडतीस वर्षं शाहूपुरीत गूळ तोलला.
रवा काट्यावर चढला की मोजायचे:
लाभ, दोन, तीन, चार…
एक म्हणायचेच नाहीत कधी.
एक म्हटलं की माल एकटा पडतो, म्हणायचे,
आणि एकट्या मालाला भाव नसतो.

संध्याकाळी घरी यायचे
ते मनगटावर, सदऱ्याच्या बाहीवर,
चपलेच्या अंगठ्यात गूळ घेऊन.
गल्लीतल्या मुंग्या त्यांना ओळखायच्या.
मी त्यांची करंगळी चाटायचो.
हो, चाटायचो.
पुण्याच्या मामीनं किती टोकलं
तरी कोल्हापूरची पोरगी
जातो, येतो, खातो असंच म्हणणार.

मागच्या पौषात रिपोर्ट आला.
डॉक्टर म्हणाले, साखर आहे.
आप्पांना ते पटेचना.
"जन्मभर गुळाशी इमान राखलं
आन् नाव साखरेचं लावताय व्हय?"

त्या रात्री आईची वही काढली.
वही कसली, अडत दुकानाची जुनी पावतीपुस्तकं,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलनं:
हुलगे भाजावेत, शेजारीण विचारेपर्यंत.
पाणी बघून.
मीठ रोजचं.
गूळ, ह्यांच्या हातानं.
कुठंच आकडा नाही.
मापाड्याच्या बायकोनं
जन्मभर न मापता रांधलं.

मी मापतो.
ज्वारीची भाकरी दीड,
अंबाडी, वर कारळ्याची चटणी,
हुलग्याचं माडगं बिनगुळाचं, जिरं आणि ताक घालून.
सूर्य बुडायच्या आत जेवण
तर आमच्यात खापरपणज्यापासून आहे.
डॉक्टरांना ते इतकं आवडलं
की आता सगळ्या पेशंटना
स्वतःचंच म्हणून सांगतात.

आप्पा ताटाकडे बघतात
ज्या नजरेनं काळा पडलेला रवा बघायचे.
मग न बोलता जेवतात,
रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारून येतात.
सम्मेद म्हणाला, "आई,
आज्जा लई शहाण्यागत वागालाय.
कायतर गडबड हाय."

गडबड मुंग्यांनी काढली.
चष्म्याच्या डबीपर्यंत नीट रांग,
आत सुपारीएवढा खडा,
माझ्या लग्नाच्या पत्रिकेच्या तुकड्यात गुंडाळलेला.
मी ओरडलो नाही.
झाकण लावलं.
परत उघडलं, मुंग्या झटकल्या,
आणि लावलं.

आता महिन्याचा शेवटचा रविवार ठरलाय.
खपली आदल्या रात्री भिजते,
सकाळी चुलीवर नाही, कुकरलाच, सात शिट्ट्या.
खोबरं, सुंठ, चिमटीत मावेल तेवढी खसखस.
आणि गूळ.
मी नवा काटा काढतो,
सेलवर चालणारा, पोराच्या पाटीएवढा.
"ह्यो? ह्याला तर वाऱ्याचं बी वजन लागतंय."
डोळे मिटून खडा तळहातावर घेतात,
जरा वर, जरा खाली,
जसा हात आपल्याशीच काही बोलत असावा.
"अकरा."
काटा म्हणतो, अकरा.
गेल्या खेपेला काटा बारा म्हणाला.
मी सेल बदलले.

वाटी लहान आहे.
भरून घेतले तर सहा चमचे.
पहिला तोंडात जातो.
"लाभ," म्हणतात.
दुसरा.
"लाभ."
मी बघत राहतो.
तिसरा, चौथा, घाई कसलीच नाही,
गव्हाचा दाणा दाताखाली येईल तेव्हा येईल.
"आज्जा, दोन म्हण की!"
"कशाला? अजून सुरुवातच हाय."
पाचवा.
सहावा.
लाभ.

वाटी मोरीत ठेवली.
मुंग्या आल्या,
आत उतरल्या, कडेकडेनं फिरल्या,
आणि आल्या तशा गेल्या.